सात फुटांत एक इंच

आमच्याकडे हल्ली कोणी पाहुणा आला, की मी त्याला फार वेळ बैठकीत बसू देत नाही. चहा होईपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात, आणि चहा संपला, की मी म्हणतो, "चला, आमचे न्हाणीघर पाहून घ्या." पाहुणा गोंधळतो. पुस्तकांची कपाटे दाखवणारे प्राध्यापक त्याने पुष्कळ पाहिलेले असतात. न्हाणीघर दाखवणारा हा पहिलाच. शिष्टाचार म्हणून तो उठतो, दारातून आत डोकावतो, आणि आपली निराशा लपवण्याचा प्रयत्न करतो. कारण आत पाहण्यासारखे काहीच नसते. साध्या, खरबरीत फरश्या. भिंतींना चार फुटांपर्यंत पांढऱ्या टाइल्स आणि वर नुसता रंग. दोन पोलादी दांडे. एक स्टूल, एक बादली, एक तांब्या. मग मी तांब्याभर पाणी घेऊन ते अगदी दूरच्या कोपऱ्यात ओततो आणि म्हणतो, "आता पाहा." पाणी क्षणभर घुटमळते आणि मुकाट्याने जाळीच्या दिशेने चालू लागते. "वा!" पाहुणा म्हणतो. हे 'वा' कशाबद्दल, ते त्याला उमगलेले नसते. आतून सौभाग्यवतींचा आवाज येतो, "अहो, पुरे आता! पाणी काय फुकट येते?"

ह्या वेडाची कुळकथा सांगितल्यावाचून त्यातला अर्थ वाचकांस कळणार नाही.

आमचे घर सिडकोच्या वसाहतीतले, दोन खोल्यांचे वाढवून चार केलेले. त्यातल्या न्हाणीघरात पूर्वी शहाबादी फरशी होती. राखाडी रंगाची, हाताला खरखरीत, सांध्यासांध्यांतून काळी पडलेली. पंधरा वर्षांपूर्वी मला ती एकाएकी दरिद्री वाटू लागली. महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याच्या नव्या सदनिकेतले चकचकीत न्हाणीघर मी पाहून आलो होतो, आणि इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक असूनही आपण अजून खेड्यातल्यासारखे दगडावर बसून आंघोळ करतो, ह्याची मला लाज वाटली. मी दुकानात गेलो आणि तोंड दिसेल इतक्या गुळगुळीत फरश्या निवडून आणल्या. आई तेव्हा म्हणाली होती, "अरे, पाय कुठे रोवायचा ह्यावर?" मी हसलो होतो.

त्या प्रश्नाचे उत्तर २०२३ च्या फेब्रुवारीत मिळाले. एक्याऐंशी वर्षांची आई त्या गुळगुळीत फरशीवर घसरली. नशीब थोर, म्हणून खुब्याचे हाड वाचले, मनगटावर निभावले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता आणि तेवढे दिवस तिला माझी पत्नी आंघोळ घालीत असे. प्लास्टर निघाले, हात बरा झाला. पण आईच्या मनातली भीती काही निघाली नाही. ती एकटी न्हाणीघरात जाईना आणि दुसऱ्या कोणाला बरोबर येऊही देईना. सकाळी विचारले, की म्हणे, "आज थोडी थंडी आहे, उद्या पाहू." चैत्र सरत आला होता आणि आमच्या मराठवाड्यात त्या वेळी सावलीतसुद्धा अंग भाजते. उभा जन्म पहाटे आंघोळ झाल्याशिवाय चुलीला हात न लावलेली ही बाई थंडीचे निमित्त सांगत होती! एकदा मी फार आग्रह केला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी तुला आंघोळ घातली ते ठीक होते रे. हे उलटे मला नको."

ते वाक्य ऐकल्यावर मी त्याच संध्याकाळी न्हाणीघराचे माप घेतले. सात फूट लांब, पाच फूट रुंद.

एका ठेकेदाराला बोलावले. त्याने आत पाऊल न टाकताच दारातून पाहिले आणि एक लाख पंधरा हजारांचा अंदाज दिला. त्यात छताला खोटे छत होते, काचेचा पडदा होता, आणि आरशामागे लागणारा दिवा होता. उतार, ओल, आईचा पाय, ह्यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नव्हता. शिवाय माझ्यापाशी एक लाख पंधरा हजार नव्हते. मुलीच्या शेवटच्या वर्षाची फी नुकतीच भरली होती. हाडांच्या उपचारांचे बिलही चुकते झाले होते. सगळी बेरीज-वजाबाकी करून हाती बावीस हजार उरत होते. उन्हाळ्याची सुटी मात्र भरपूर होती. तेव्हा मी ठरवले, की हे काम आपणच करायचे. नळ जोडण्यासाठी आणि चुका दाखवण्यासाठी शेजारच्या गल्लीतल्या एका वृद्ध मिस्त्रींना दोन दिवसांची मजुरी द्यायची. फोडणे, वाहणे, कालवणे, बसवणे हे सारे माझ्याकडे.

ही वार्ता वसाहतीत पसरायला वेळ लागला नाही. घमेले डोक्यावर घेऊन मी फाटकाबाहेर राबिट टाकू लागलो, तेव्हा समोरचे निवृत्त गृहस्थ रोज नेमाने गॅलरीत येऊन उभे राहू लागले. "सर, काय ही वेळ आली!" असे ते म्हणत, त्यात सहानुभूती किती आणि करमणूक किती, ते मला ठरवता आले नाही. आपण सुशिक्षित माणसे श्रमाच्या प्रतिष्ठेवर निबंध लिहितो, विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतो, त्यांना गुणही देतो. परंतु भर रस्त्यावर घमेले उचलताना ओळखीचा विद्यार्थी समोरून आला, तर मान कशी आपोआप खाली जाते, हे मी त्या दिवसांत अनुभवले. तिसऱ्या दिवशी मान वर राहू लागली. त्यात तत्त्वज्ञान नव्हते. मान खाली घातली की घमेले कलते, एवढेच.

गुळगुळीत फरशी फोडली, तेव्हा माझ्या पंधरा वर्षांपूर्वीच्या हौसेचे खरे स्वरूप बाहेर आले. त्या वेळच्या कारागिराने जुनी शहाबादी काढलीच नव्हती. तिच्यावरच मालाचा पातळ थर देऊन नवी फरशी चिकटवली होती. मी त्याला पैसे दिले ते वरच्या चकाकीचे. खाली काय आहे हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पाणी सांध्यांतून खाली मुरत होते आणि आईच्या खोलीच्या भिंतीला दर पावसाळ्यात जे पोपडे सुटत, ते ह्याच पाण्याचे. मी मात्र दर दिवाळीला त्या भिंतीला रंग देत आलो होतो!

तेव्हा बावीस हजारांतला पहिला पैसा कुठे घालायचा, हा प्रश्न पडला. वर की खाली? दिसणाऱ्या भागात की न दिसणाऱ्या? सुदैवाने ह्या विषयात आमच्या शहरात दोन गुरू उभे आहेत. एक बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर सतराव्या शतकात बांधली गेली, आणि ताजमहालाशी तुलना होऊन 'गरिबाचा ताज' म्हणून तिची हेटाळणी होत आली. खर्चाचा हात आखडता असला म्हणजे काय करावे लागते, ते तिथे जाऊन पाहावे. खाली माणसाच्या नजरेच्या टप्प्यात संगमरवर. वर आकाशात दिसणारा घुमटही संगमरवराचा. आणि मधल्या साऱ्या भागाला काळा दगड आणि त्यावर चुन्याची सफेत गिलाई. लहानपणापासून मी हा मकबरा पाहत आलो, पण 'इथे पैसे संपत आले होते' हे त्याचे मनोगत मला त्या मे महिन्यात प्रथम ऐकू आले, आणि त्याच्याविषयी बंधुभाव वाटला. जे डोळ्यांना प्रथम दिसते तिथे खर्च करावा, असा त्याचा उपदेश आहे. कबरीसाठी तो योग्यच असेल. तिथे कोणाला घसरून पडण्याचे भय नसते.

दुसरा गुरू जमिनीखाली आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेव्हा ह्या खडकाळ जागेला पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न होता. त्याने उत्तरेकडच्या डोंगरातले झिरपते पाणी भुयारी मार्गाने गावात आणले. तीच नहर-ए-अंबरी. तिला ना पंप होता, ना इंजिन. होता तो केवळ उतार. पुढे पाणचक्कीसाठीही दूरच्या डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून असेच आणले गेले. तिथला मोठा हौद म्हणजे खालच्या एका प्रशस्त दालनाचे छप्पर आहे. शेकडो मण पाणी डोक्यावर घेऊन ते दालन उभे आहे. खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगराचे औरंगाबाद, आणि २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. उताराचा कायदा मात्र कोणत्याही राजवटीत बदलला नाही. हा दुसरा गुरू सांगतो, की जे दिसत नाही ते आधी नीट करा. मी त्याचे ऐकायचे ठरवले. टाइल्स स्वस्तातल्या आणि चार फुटांपर्यंतच. परंतु खालचा कोबा, ओल रोखणारे लेप आणि नवे नळ ह्यांत काटकसर करायची नाही.

इतका विचार करूनही मी चुकलो. ती चूक सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्यासारख्या पुस्तकी माणसालाच साधण्यासारखी होती.

विटांच्या तुकड्यांचा कोबा मीच केला. कोबा पुरता मुरल्यावर त्यावर फरश्या बसवायला घेतल्या. मी बाजारातून एक लेव्हल विकत आणली होती. तिच्या काचेतला बुडबुडा बरोबर मध्यभागी आला, की जमीन समपातळीत आहे असे समजावे. दिवसभर गुडघ्यांवर बसून मी एकेक फरशी ठोकीत गेलो आणि प्रत्येक फरशीवर बुडबुडा मध्यभागी आणला. संध्याकाळी अकरा फरश्या बसल्या होत्या आणि अकराही ठिकाणी बुडबुडा जिथल्या तिथे होता. उत्तरपत्रिकेत शंभरपैकी शंभर गुण मिळाल्याचा आनंद मला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. त्यांनी लेव्हलकडे पाहिलेही नाही. बादलीतले थोडे पाणी त्यांनी फरशीवर ओतले आणि ते स्वतः उंबऱ्यावर बसून राहिले. पाणीही बसून राहिले. थोड्या वेळाने ते अत्यंत अदबीने म्हणाले, "सर, फरश एकदम सीधा बैठा. इसीच वास्ते गलत है."

मी तीस वर्षे विद्यार्थ्यांच्या चुका काढल्या. पण इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या सौम्यपणे एकही काढू शकलो नाही. न्हाणीघराची जमीन समपातळीत असून चालत नाही. ती डोळ्यांना सपाट दिसली पाहिजे आणि पाण्याला मात्र उतरती वाटली पाहिजे. पाय घसरण्याइतका उतार नको आणि पाणी साचण्याइतका सपाटपणा नको. सात फुटांत एक इंच! दाराशी जमीन जेवढी उंच, त्याहून जाळीपाशी एक इंच खाली. एवढ्या एका इंचात सारे शास्त्र आहे.

अकरा फरश्या उचलल्या. त्यांतल्या चार फुटल्या. कोबाही वरून पुन्हा करावा लागला. चार दिवस आणि अकराशे चाळीस रुपये ह्या समपातळीच्या आनंदापायी खर्ची पडले. ह्या वेळी मिस्त्रींनी मला आपले हत्यार दाखवले. पाण्याने भरलेली एक लांब पारदर्शक नळी, दुसरे काही नाही. तिचे एक टोक दाराशी धरायचे आणि दुसरे जाळीच्या बाजूच्या भिंतीशी. नळी कशीही वाकलेली असो, दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीवर येऊन थांबते. तिथे भिंतीवर खुणा करायच्या आणि मग त्या खुणांपासून खाली मोजायचे. मी विकत आणलेले उपकरण माझे प्रत्येक फरशीपुरते समाधान करीत होते. ह्या नळीला मात्र साऱ्या खोलीची एकदम जाण होती.

जाळीखालच्या भांड्याविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ह्या भांड्यात नेहमी सुमारे दोन इंच पाणी साचून राहते आणि ते गटारातली दुर्गंधी घरात येऊ देत नाही. दुकानात मी त्याचे इंग्रजी नाव काय असावे ह्याचा विचार करीत उभा होतो, तोच दुकानदाराने सांगितले, 'नहाणी ट्रॅप'. इंग्रजी यादीतसुद्धा तोच शब्द छापलेला! आयुष्यभर इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्या मला, आमच्या आजीच्या न्हाणीने इंग्रजी यादीत परस्पर जागा पटकावलेली पाहून केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! आजीच्या न्हाणीत एक दगड होता, एक तांब्याचा बंब होता, आणि सांडपाणी परसातल्या अळूला आणि कर्दळीला जात असे. तिथे ना ओल साचली, ना कोणी घसरले.

पुढची अडचण पाण्याचीच. सिमेंट वाळून घट्ट होते, असा माझा समज होता. मिस्त्रींनी तो मोडला. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होते. त्याला लवकर वाळू दिले, तर ते कच्चे राहून तडकते. म्हणून निदान सात दिवस ते ओले ठेवावे लागते. आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा येई! गोदावरीवर पैठणला नाथसागराएवढे धरण आणि त्याच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरात कोब्याला पाजायला पाणी नाही. मग घरात एक नवीच शिस्त सुरू झाली. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, पिण्याच्या माठातले शिळे, सारे पाणी एका पिंपात जमू लागले. जमिनीवर गोणपाट अंथरून त्यावर ते दिवसातून चार वेळा शिंपडायचे. हे शिंपडण्याचे काम आईने आपणहून घेतले. उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून ती तांब्याने पाणी मारीत बसे आणि मधूनच मला हाक मारी, "अरे, ह्या कोपऱ्यातले वाळले बघ." फेब्रुवारीनंतर ती त्या दाराजवळ इतका वेळ प्रथमच बसत होती. मी हे पाहिले आणि काही बोललो नाही.

माझ्या हातांचे हाल मात्र विचारू नका. पहिल्या दिवशी उघड्या हातांनी माल कालवला आणि सिमेंटने बोटांची कातडी उतरली. पुढे रबरी मोजे आणले; पण तोवर पेन धरवत नव्हते. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासायचा होता, आणि त्या वर्षी मी दिलेले गुण नेहमीपेक्षा बरे होते, अशी मला शंका आहे. पहिल्यांदा काम करणाऱ्याचे चुकणे कसे असते, हे मी नुकतेच पाहिले होते.

अठ्ठाविसाव्या दिवशी काम संपले. सगळा खर्च एकवीस हजार सहाशे चाळीस झाला. तीनशे साठ रुपये उरले, त्यांतून आईसाठी रुंद पायांचे एक स्टूल आणले. सकाळी तिला नेऊन मी सारे समजावून सांगितले. हा दांडा दारातून आत येताना धरायचा, हा बसता-उठताना. फरशी खरबरीत आहे, पाय रोवून पाहा. उतार असा आहे. तिने सारे ऐकून घेतले, दांडा हाताने ओढून पाहिला, आणि म्हणाली, "बरे, आता तू बाहेर हो."

मी बाहेर झालो. दार लोटले गेले. कडी लावायची नाही एवढे तिने कबूल केले होते. मी वर्तमानपत्र घेऊन बैठकीत बसलो, पण त्यातली एकही ओळ वाचली नाही. स्वयंपाकघरात पत्नीनेही काम थांबवले असावे, कारण भांड्यांचा आवाज बंद झाला होता. आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला; मग स्टूल सरकल्याचा. नंतर बराच वेळ काहीच नाही. मी उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो. मग तांब्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. आणि चौथ्या तांब्याबरोबर तिचे रोजचे स्तोत्र सुरू झाले. ते चार महिने घरात ऐकू आले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

ती बाहेर आली, तेव्हा केस पुसता पुसता तिने एवढेच सांगितले, "साबणाचा कोनाडा फार वर केलास. मी बसून आंघोळ करते. तो तुझ्या उंचीला केलास."

ते खरे होते. जमिनीचे माप मी पाण्याच्या अक्कलहुशारीने घेतले होते. कोनाड्याचे माप मात्र माझ्या अंगाने घेतले होते. त्याच दुपारी मी खाली, स्टुलावर बसलेल्या माणसाच्या हाताशी, एक लहानशी पोलादी फळी ठोकली. वरचा कोनाडा अजून तसाच रिकामा आहे. पाहुणे विचारतात, "हा कशासाठी?" मी पाण्याचा तांब्या खाली ठेवतो आणि म्हणतो, "तो माझ्यासाठी आहे."